चार बोटं जागा सोडून

८ जुलै २००९, बुधवार

काल आषाढी पौर्णिमा झाली, वर्षावास लागला. आता तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. या वर्षावासात मी एक नेम धरला आहे. जे घडलं ते खरं खरं लिहायचं. वही नवीन घेतली नाही. कृषी केंद्रवाल्यानं मागच्या वर्षी दिलेली डायरी कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. खर्चाची वही वेगळी आहे, तिच्यात हे मिसळायचं नाही.

आज मशीन आली. रेडियम कापायची, तिला प्लॉटर म्हणतात. जुनीच आहे, पण हर्षानं गोंदियात स्वतः पाहून घेतली. पोरगी तिथे डीटीपीच्या दुकानात कामाला आहे, तिला कळतं. ती म्हणते, आई, आता नंबरप्लेट रेडियमची, दुकानाची काच रेडियमची, ब्रशनं लिहून घेणारे किती राहिले? खरंच आहे. तीस वर्षं हे अर्जुनीत उदाराम पेंटर म्हणून आहेत. पण होळीपासून हातात काम नाही. येतं ते हे परत पाठवतात. म्हणतात, भाव परवडत नाही.

टेम्पोतून मशीन आणि तिच्याबरोबरचा जुना कॉम्प्युटर उतरवला तेव्हा हे दारातच उभे होते. म्हणाले, "आली का माह्या ब्रशची सवत?" मी हसले. हे हसले नाहीत. पानठेल्यावर गेले ते जेवायलाच आले.

मी मशीन आणण्यासाठी एवढी मागे का लागले, ते लिहून ठेवते. विहाराचा बोर्ड यांच्या हातचा आहे, एक्याण्णव सालचा. 'मैत्री बुद्ध विहार', निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. पत्रा सडला, रंगाचे पापुद्रे निघाले. नवा करायची बोलणी उन्हाळ्यापासून चालू आहेत. काल महिला मंडळाच्या सुशिलाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो त्या दिवशी नवा बोर्ड लागला पाहिजे. कोणीतरी म्हणालं, गोंदियाहून फ्लेक्स आणू. मी उठून बोलून गेले, बोर्ड आमच्याच घरून होईल. हे मागे बसले होते. मान खाली घालून चटईची काडी मोडत होते.

तो बोर्ड दुसऱ्यानं केला तर हे विहाराची पायरी चढायचे नाहीत. मी ओळखते यांना.

१२ जुलै, रविवार

हर्षा सकाळच्या गाडीनं आली. दिवसभर मला शिकवलं. यांना दहा वेळा हाक मारली, "बाबा, या ना, पाहा तं." हे म्हणाले, "तुह्या मायलेच शिकव. तिचं डोकं हिशोबाचं आहे."

समजलं तेवढं लिहिते. रेडियमला खाली एक गुळगुळीत कागद असतो. मशीनच्या नळीत बारीक पातं आहे, तांदळाच्या कणीएवढं. त्यानं वरचं रेडियम कापायचं, खालचा कागद कापायचा नाही. मग अक्षराभोवतीचं जादा रेडियम सुईनं उचलून काढायचं, तांदूळ निवडतो तसं. पातं नळीतून किती बाहेर ठेवायचं ते आपण फिरवून ठरवायचं. पात्यानं किती दाबायचं ते मशीनवर आकड्यानं ठरतं. हर्षा म्हणाली, "आई, तू ताटात वड्या पाडते ना? वडी कापली पाहिजे अन् ताटाले ओरखडा नाही पडला पाहिजे. बस, तेवढंच."

असं सांगितल्यावर भीती गेली. माझ्या लग्नातल्या ताटावर आजपर्यंत एक ओरखडा नाही.

१५ जुलै

वीज सकाळी सहाला जाते ती दुपारी दोनला येते. तेवढ्यात बुद्धवंदना, स्वयंपाक, धुणं सगळं आटपते. दोन ते पाच मशीन. आज फक्त चौकोन कापायला शिकले. चौकोनाचे कोपरे गोल येतात.

यांनी आजपासून चहा बशीत घेणं सोडलं. स्टीलच्या पेल्यात मागतात, तोही अर्धाच. मी म्हटलं, साखर वाचवता का? म्हणाले, "हव, तुह्याकडूनच शिकलो."

२१ जुलै

कोपरे सुधारले. हर्षानं फोनवर सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये एक बारका आकडा असतो, पात्याचं टोक मधोमध नसतं म्हणून तो द्यावा लागतो. तो पाव पाव करत वाढवला. आता चौकोन चौकोनासारखा येतो.

पण रोजच्या सरावाला कोरं रेडियम वापरायचं म्हणजे जिवावर येतं. उरलेले तुकडे आहेत, पण त्यांचा खालचा कागद निघून गेला आहे. ते कशावर तरी चिकटवून मशीनमध्ये घालायचे तर पातळ, लांब कागद पाहिजे. माळ्यावर यांचे जुने खाके पडले होते. बटर पेपरवर अक्षर आखून कडेकडेनं सुईनं भोकं पाडायची, तो कागद बोर्डावर धरून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की अक्षर ठिपक्यांनी उमटतं. त्याला खाका म्हणतात. लग्नानंतर पहिली दहाबारा वर्षं हे आखायचे आणि भोकं मी पाडायची. माझ्याकडे गोधडीची सुई होती.

मी विचारलं, "अजी, हे खाके वापरू का मशीनले?"

हे नखं पाहत बसले होते. म्हणाले, "ने ना. कायले विचारतं? आता का कामाचे थे?"

मोठीच सोय झाली. एक गठ्ठा खाली काढला. एकेका खाक्यावर तीस तीस वेळा सराव होईल.

हे जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. उरलेल्या भाताला उद्या फोडणी देईन.

२ ऑगस्ट, रविवार

पहिलं खरं काम आलं, भूपेंद्रच्या डॉक्टरकीच्या दुकानाची काच. (तो जनावरांचा डॉक्टर आहे, बसस्टँडसमोर.) सराव छान झाला होता म्हणून छाती पुढे काढून बसले. मशीननं कापलं आणि मी कागद उचलला, तर 'पशु' हातात आणि 'वैद्यकीय' मशीनमध्ये! पातं रेडियमच्याच नाही, कागदाच्याही पार गेलं होतं.

नंदलालला फोन केला. ज्यानं मशीन विकली तोच दुरुस्तीही करतो. "भाभीजी, ब्लेड कितना बाहर निकाला है?" मी सांगितलं, दिसतं तेवढं. तो हसायला लागला. "अरे भाभीजी, ब्लेड दिखना नहीं चाहिए! नाखून पे फेरो, थोडासा अटके, बस. आपने तो तलवार निकाल ली।"

सरावाच्या वेळी तुकडा खाक्यावर चिकटवला की मध्ये हवा राहायची, अक्षर सुटायचं नाही, म्हणून मी पातं रोज थोडं थोडं बाहेर काढत गेले होते. खालचा खाका पार कापला जायचा, पण म्हटलं, कागद वायाच जाणारा आहे.

नखावर फिरवून पातं आत घेतलं, रेडियमचा नवा तुकडा मधोमध लावून पुन्हा कापलं. काच संध्याकाळपर्यंत लावून दिली. भूपेंद्र म्हणाला, "काकूबाई, अक्षर मस्त आहे. काकांनी काढलं?" मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, माझं मलाच ठरवता आलं नाही. खोटं न बोलण्याचं चौथं शील घेताना आज जीभ जड झाली.

१९ ऑगस्ट

दुसरी कपबशी फुटली. महिन्यातली दुसरी. हे म्हणाले, मांजर होती. आमच्याकडे मांजर येत नाही, पण असेल.

विहारात वर्षावासभर फळ्यावर रोज एक सुविचार हेच लिहितात, गेली अठरा वर्षं. यंदा लिहीत नाहीत. "पोट्टे शिकले पाहिजेत, लिहू दे त्याइले." मुलांची अक्षरं म्हणजे सरड्यानं शेपूट फिरवावी तशी. मला राग आला. मशीन मी आणली तर फळ्यावर कसला राग?

बारीक अक्षरांचे अनुस्वार उडून जायचे. वेग कमी केला, पातं बदललं, आता टिकतात. हे मला एकटीलाच कळलं, हर्षाला विचारावं लागलं नाही. कोणाला सांगू? यांना सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं झालं." आणि शर्टाच्या गुंड्या लावत बसले. किती वेळ लावत होते! शेवटी सदरा काढून बंडीच घातली. आजकाल बंडीवरच असतात. उकडतं म्हणतात.

३० ऑगस्ट, रविवार

हर्षानं बोर्डासाठी कॉम्प्युटरमधली दहा तऱ्हेची अक्षरं काढून आणली. यांच्यासमोर मांडली. यांनी एकेक कागद दूर धरून पाहिला. नंतर खाटेवर ठेवूनच पाहिले.

"हा 'ध' पाह्य. पोट भरलेल्या माणसासारखा बसला आहे. अन् ह्या 'र' चे पाय? चालन तं पडन."

हर्षा म्हणाली, "मग तुम्ही काढून द्या ना बाबा. मी स्कॅन करते."

हे एकदम चिडले. "मशीन आहे ना आता? मशीनलेच काढाले सांगा!"

पोरीनं डोळे पुसले नाहीत, पण गाडीला जाताना माझ्याशीही धड बोलली नाही. मी यांना खूप सुनावलं. स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही. हे ऐकून घेत होते. हात पाठीमागे बांधून उभे होते, शाळेतल्या मुलासारखे.

शेवटी मीच त्यातल्या त्यात बरं अक्षर निवडलं.

१४ सप्टेंबर

बोर्डाचा पत्रा निळा रंगवून आणला. आज 'मैत्री बुद्ध विहार' पहिल्यांदा कापलं. 'बुद्ध' आलं, 'विहार' आलं. 'मै' आलाच नाही. वरून कापल्यासारखा दिसतो, सुईनं उचलायला गेलं की अर्धा उठतो, अर्धा बसून राहतो, ओढलं की ताणून फाटतो.

१५ सप्टेंबर

पात्याचा दाब वाढवला. 'मै' थोडा सुटला, पण 'विहार' कागदाच्या पार.

१६ सप्टेंबर

दाब कमी, पातं थोडं बाहेर. तेच. नवीन पातं. तेच. वेग कमी. तेच. आठ फूट रेडियम गेलं. लिहायला सुद्धा हात होत नाही.

१८ सप्टेंबर

सुशिलाबाई दुपारी आल्या. मशीनपाशी पडलेला रेडियमचा ढीग पाहिला.

"शामकला, तुह्या नवऱ्याले जमत नसन तं सांग बापा. पंधरा दिवस राहिले. फ्लेक्सवाला एका दिवसात देते."

मी म्हटलं, "हेच करून राहिले. मी मदत करतो."

"मंग थे तिकडे खाटेवर काऊन बसून राहिले?"

हे खरंच मागच्या अंगणात खाटेवर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी म्हटलं, "बोर्डाचा विचार करून राहिले."

"करू दे. पण येत्या रविवारी मले हो का नाही ते सांग. पंचवीस तारखेनंतर मी थांबत नाही."

बाई वाईट नाही. विहार तिच्या जिवावर चालतं. पण मी परत खोटं बोलले. वर्षावासात, उपोसथाचा उपास धरून. आणि कोणासाठी? जो माणूस स्वतःच्या बोर्डासाठी खाटेवरून उठत नाही त्याच्यासाठी. हेही खरं आहे म्हणून लिहिते. मला यांचा आज फार राग आला आहे.

२० सप्टेंबर, रविवार

नंदलाल आला. देवरीचं एक काम आटोपून वाकडी वाट करून आला, चांगला माणूस. पातं पाहिलं, नळी पाहिली, कॉम्प्युटरमधले आकडे पाहिले. उजव्या बाजूला एक फूल कापून दाखवलं, एकदम स्वच्छ. "सब ठीक है, भाभीजी! आपका माल खराब होगा।" त्याची बस होती, गेला. मी परत 'मैत्री' कापलं. 'मै' बसून राहिला.

सुशिलाबाईंना बुधवारपर्यंत थांबा म्हटलं.

२३ सप्टेंबर, बुधवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

दोनला वीज आली. मी मशीन लावली. 'मै' गेला. मशीन बंद केली आणि तिथेच जमिनीवर बसले. रडले नाही, पण बसून राहिले. हे मागच्या दारातून आत आले. किती दिवसांनी या खोलीत आले.

"कोणतं अक्षर बिघडून राहिलं?"

"पहिलं."

"दरवेळी पहिलंच?"

"हव."

"अन् 'विहार' आधी लिहून पाहिलं का? 'वि' पहिला ठेवून?"

मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "पातं खराब आहे, नाही तर माझा हात. नंदलाल म्हणते माल."

"पात्याले कायले बदनाम करतं? बोर्डावर एकाच जागी रंग फुटला तं आम्ही ब्रश नाई बदलत. जमीन पाहतो." जमीन म्हणजे बोर्डाचा खालचा रंग, अस्तर. तो कुठे पोकळ असला की वरचं अक्षर टिकत नाही. हे मला नव्यानं सांगायला नको होतं, अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे. पण मशीनलाही जमीन असते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

हे खाली बसले. मशीनमधून रेडियम ओढून बाजूला केलं. पातं जिथून फिरतं तिथे खाली एक पांढरी मऊ पट्टी आहे, इकडून तिकडे. यांनी तिच्यावर बोट ठेवलं, उजवीकडून डावीकडे सरकवत नेलं. डावीकडे चार बोटांच्या जागेत थांबले.

"इथं पाह्य. खड्डा आहे."

मी बोट लावलं. खड्डा नाही, नांगरलेलं शेत होतं. चरच चर. तिथे रेडियम खाली दबतं, पात्याला आधार मिळत नाही, कापणार कसं? आणि मी तो सगळा सराव कुठे केला होता? तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून दरवेळी अगदी डाव्या टोकाला. पातळ खाक्यावर, तलवारीसारखं पातं बाहेर काढून. खड्डा माझ्याच काटकसरीनं पडला होता.

मी हसत सुटले. म्हटलं, "अजी, सापडलं!" आणि मग तो आवाज ऐकला. टक टक टक. मशीन बंद होती. तरी तिच्यातून बारीक आवाज येत होता.

यांचं बोट होतं. पट्टीशेजारच्या लोखंडावर नख वाजत होतं. हे ते थांबवायला पाहत होते. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले.

 मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझा हातही त्यांच्या हाताबरोबर हलायला लागला.

"कधीपासून?"

"होळी."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"का सांगू? का उदाराम पेंटरचा हात गेला म्हणून?"

अर्धा पेला चहा. कपबश्या. गुंड्या. फळा. मांड्यांखालचे हात. मी सगळं लिहून ठेवलं होतं, तारीख घालून. मागची पानं चाळली. मी लिहीत होते आणि पाहत नव्हते.

२४ सप्टेंबर

सुशिलाबाईंना जाऊन सांगितलं, बोर्ड होतो, दोघं मिळून करतो. खोटं नाही. बाई म्हणाल्या, "मंग त्या दिवशी एकट्याचं नाव कायले घेतलं?"

आज आणखी एक कळलं. जुलैत यांनी माळ्यावरचे खाके मला दिले नव्हते. हातच गेला म्हणून सोडून दिले होते.

दुपारी माळ्यावर चढले. गठ्ठ्यात विहाराचा खाका शोधला. तीन कागद होते. 'मैत्री' सापडला, कोरडा, शाबूत. 'बुद्ध' सापडला. 'विहार' सराव केलेल्या कागदांत होता. त्याच्यावर माझे चौकोन, ओळीनं, रेडियमच्या तुकड्यांसकट. सतरा चौकोन. 'ह' आणि 'र' च्या अंगावरून.

तो यांच्यापुढे नेऊन ठेवला. माफी मागायची होती. यांनी कागद उजेडाला धरवला माझ्याकडून. भोकांतून ऊन आलं. म्हणाले, "भोकं पाह्य, कशी सारखी आहेत. तू पाडली होती. हर्षा पोटात होती तवा."

नंतर म्हणाले, "पोरीले फोन लाव."

२७ सप्टेंबर, रविवार

हर्षा आली. ती म्हणाली, नुसती भोकं स्कॅन होत नाहीत, पेननं रेघ ओढून जोडावी लागतील. मी म्हटलं, तू जोड. ती म्हणाली, "मी नाही. तूच जोड, आई."

रेडियमचे तुकडे भिजवून सोडवले. फाटकं मागून चिकटपट्टीनं जोडलं. मी पेन घेऊन बसले, हे माझ्या डाव्या बाजूला. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत.

"थांबू नको. थांबली का तिथं गाठ येते."

"श्वास सोड ना वं! श्वास धरून कोणी गोल काढते का?"

"तुम्ही लांब बसा बरं. तुमच्या धाकानं रेघ चुकून राहिली."

"तुले धाक? माहा?"

हर्षा हसत होती. हसता हसता बोलून गेली, "बाबांनीच तर होळीत फोन करून सांगितलं होतं, मशीन पाह्य अन् मायले शिकव म्हणून." आणि जीभ चावली.

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाक्याकडे पाहत होते. म्हणजे सवत यांनीच आणली! आणि मीच हर्षाच्या मागे लागून मशीन आणवली असं आजवर समजत होते. बापलेकीनं मिळून मला फसवलं. चौथं शील दोघांचंही मोडलं, मी एकटीच कशाला मनाला लावून घेत होते?

"मग मशीनचं तोंड पाहायचं नाही असं काऊन केलं?" मी विचारलं.

"आणाची होती," हे म्हणाले. "पाहाची नव्हती."

'विहार' च्या 'ह' पाशी आलो. पोटातली भोकं माझ्या चौकोनानं कापून गेली होती. कुठून कुठे जायचं कळेना. यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं, बोट थरथरत होतं, वळण कुठलं आणि थरथर कुठली समजेना. मी अंदाजानं ओढलं. पेन चौकोनाच्या कडेवर चढलं आणि एक बारका कोपरा आला. मी खोडायला पांढरी शाई मागितली.

"राहू दे," हे म्हणाले. "तेवढं तुहं."

१ ऑक्टोबर

नवीन पट्टी मागवली आहे, पण ती सोमवारी येईल. तोवर थांबता येत नाही. यांनी विचारलं, "मंग?" मी म्हटलं, डावीकडची जागा सोडून कापते. चार बोटं रेडियम, इकडून तिकडे पूर्ण लांबीचं, कोरंच कापून टाकायचं. आयुष्यात असं केलं नाही. हे पाहतच राहिले. "बरी आहेस ना?"

दोनला वीज आली. पातं नखावर फिरवलं, थोडंसं अडकलं. चार बोटं सोडली. यांनी बटन दाबलं. त्याला थरथरतं बोट चालतं.

मशीन यांचं अक्षर कापू लागली. 'मै' ची मात्रा वर गेली, वळली, खाली आली. हे वाकून पाहत होते. म्हणाले, "हळू घे बाई, हळू," मशीनला. सवत म्हणणारे हेच.

'मै' अखंड उचलला गेला. सातही अक्षरं उचलली.

२ ऑक्टोबर

दोघांनी मिळून पत्र्यावर लावली. मी धरली, यांनी उशीच्या अभ्र्यानं दाबून हवा काढली. हात हलतो तो इथे बरा पडला, म्हणाले, हवा लवकर निघते.

सोमवारी ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे जायचं. हे नको म्हणत होते, खर्च होईल. मी म्हटलं, खर्चाची वही कोणाकडे आहे?

४ ऑक्टोबर, रविवार, अश्विन पौर्णिमा

पहाटे उठून पांढरं लुगडं नेसले. यांच्या सदऱ्याच्या गुंड्या मी लावल्या. पाचही. हे छताकडे पाहत उभे होते, पण उभे राहिले.

वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. भंतेजींना चीवर दान झालं. मग बोर्डावरचा पडदा सुशिलाबाईंनी ओढला. लोक 'साधू, साधू' म्हणाले. थोड्या वेळानं धुरपता आजी, ऐंशी वर्षांच्या, कपाळावर हात धरून वर पाहत म्हणाल्या, "हा तं जुनाच बोर्ड होय. धुतला का?"

यांना याहून मोठं काही मिळालं नसतं. हे खाली बसून चपलेचा अंगठा नीट करायला लागले, तो नीटच होता.

सुशिलाबाई जवळ आल्या. "भाऊ, मशीनचं आहे म्हणते शामकला. मशीनले तुमचं अक्षर कसं येते?"

हे म्हणाले, "तिले विचारा. मशीन तिची."

घरी जायला लोक निघाले. हे मागे राहिले, मीही राहिले. दोघं बोर्डाखाली उभे. 'विहार' च्या 'ह' च्या पोटात तो कोपरा आहे. कोणाला दिसला नाही, दिसणारही नाही. यांनी वर बोट केलं. बोट हलत होतं म्हणून नेमकं कुठे दाखवतात ते दुसऱ्याला कळलं नसतं. मला कळलं.